मोतीबिंदू काढला, तरी मधलं दिसेना

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ‘डोळ्याचं ऑपरेशन’ म्हटलं की माणसं मोतीबिंदूच धरून चालतात. त्याला तसंच कारण आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात डॉ. मनोहर डोळे यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय गेली कित्येक वर्षं या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदू काढत आलं आहे. डॉ. डोळे आयुर्वेदाचे वैद्य. पण पिकलेला मोतीबिंदू कोणत्याही अंजनाने विरघळत नाही, तिथे शस्त्रक्रियाच लागते. त्यांनी आपली ताकद त्याच कामामागे लावली. गावात शिबिर भरवायचं, ज्यांना ऑपरेशन लागणार त्यांना गाडीत बसवून आणायचं, राहायची-जेवायची सोय करायची आणि काम झालं की घरी पोचवायचं, असा तो क्रम. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामात मला शस्त्रक्रियांच्या आकड्याहून गाडी मोठी वाटते. आहुपे, तळेघर, हातवीज, घाटघर अशा सह्याद्रीच्या कडेच्या गावांतून म्हाताऱ्या माणसाने दवाखाना गाठायचा, तर एसटीची वेळ जुळायला हवी, सोबतीला कुणीतरी हवं आणि त्या सोबत्याने त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायला हवं. यातलं एक जरी हुकलं तरी ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतं आणि तोवर डोळा जातो. गाडी दारात आली की हा हिशोबच मिटतो.

मोतीबिंदूचं काम संपलेलं नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच निघालं. पण माणसं जसजशी जास्त जगू लागली, तसा त्याच्या मागे उभा असलेला दुसरा एक आजार दिसू लागला आहे. या आजारात ऑपरेशन छान होतं, पट्टी निघते, उजेड लख्ख येतो, आणि तरी म्हातारी म्हणते, ‘तुझं तोंड दिसत नाही रे. बाजूचं सगळं दिसतंय, मधलंच दिसेना.’

घरच्यांची पहिली शंका ऑपरेशनवर जाते. डॉक्टरांचा हात चुकला असं गावभर होतं. खरी गोष्ट अशी, की मोतीबिंदू दाट असला तर त्याच्या पलीकडचा डोळ्याचा पडदा डॉक्टरांना नीट दिसतच नाही. भिंग बदललं, वाट मोकळी झाली, की मग कळतं की पडद्याचा मध्यभाग आधीपासूनच झिजलेला होता. म्हणूनच ऑपरेशनच्या आधी ‘मागचा पडदा कसा आहे ते नंतरच कळेल’ हे एक वाक्य प्रत्येक घरच्या माणसाला स्वच्छ शब्दांत सांगितलं पाहिजे. ते सांगायला पैसा लागत नाही, आणि न सांगितल्याने जो विश्वास उडतो तो परत मिळवायला पिढी जाते.

या आजाराचं नाव उतारवयातला मॅक्युलाचा ऱ्हास. डॉक्टर एएमडी म्हणतात, लोक ‘पडदा सुकला’ म्हणतात. मॅक्युला हा पडद्याच्या मधला जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग. पण वाचणं, सुईत दोरा ओवणं, तांदळातले खडे निवडणं, माणूस ओळखणं ही सगळी बारीक नजर तिथेच असते. तिथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या खाली रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एकपदरी थर असतो. वरच्या पेशी रोज आपली झिजलेली टोकं टाकतात आणि हा थर ती गिळून, पचवून जागा स्वच्छ ठेवतो. गोठ्यातल्या रोजच्या झाडलोटीसारखं हे काम आहे. एक दिवस राहिलं तर दिसत नाही, वर्षानुवर्षं थोडंथोडं राहत गेलं की ढीग साठतो. डोळ्यातल्या या साठलेल्या पिवळसर ढिगांना ड्रूझन म्हणतात. पुढे झाडणारा थरच मरू लागतो, त्याच्या जिवावर जगणाऱ्या वरच्या पेशी मरतात आणि पडद्यावर काठ स्पष्ट दिसणारे निर्जीव पट्टे पसरत जातात. कोरड्या प्रकाराची ही शेवटची पायरी. तिला जिओग्राफिक अॅट्रॉफी म्हणतात.

दुसरा प्रकार ओला. त्यात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या गळतात, रक्त साठतं, आणि नजर काही दिवसांत कोसळते. ओला प्रकार कमी लोकांना होतो, पण त्याच्यावर इंजेक्शनं आहेत, ती पुण्यात मिळतात, आणि वेळेत दिली तर नजर वाचते. कोरडा प्रकार बहुसंख्यांना होतो, हळूहळू खातो, आणि त्याच्यावर तसं इंजेक्शन फार काळ नव्हतंच. जगात २०२० साली एएमडीचे १९.६ कोटी रुग्ण असतील आणि २०४० पर्यंत ते २८.८ कोटींवर जातील, असा अंदाज २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात जुन्नर-आंबेगावचे किती, हा आकडा शोधण्यापेक्षा या आजाराचा माणूस गावात कसा दिसतो ते सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण तो ओळखूच येत नाही.

तो अडखळत नाही. कडेची नजर शाबूत असते, त्यामुळे बांधावरून चालतो, शेळ्या वळवतो, विहिरीवर जातो. पण समोरून आलेल्या व्याह्याला रामराम घालत नाही, कारण चेहऱ्याच्या जागी त्याला धुरकट डाग दिसतो. व्याही रागावतो. दुकानात पाचशेची नोट दोनशेची म्हणून देतो. सून म्हणते, जमिनीवरचं कोंबडीचं पिल्लू दिसतं आणि ताटातली भाजी दिसत नाही, हे कसं? सोंग करतात म्हणून बोलणी बसतात. पोथी वाचणारा माणूस असेल तर त्याचं दुःख आणखी निराळं. श्रावणात ज्याच्यासमोर सगळी आळी बसायची, तो एके वर्षी ‘घसा बसलाय’ म्हणून पोथी दुसऱ्याच्या हातात देतो. ओळी पाठ असतात म्हणून काही दिवस निभतं, पान उलटायची जागा चुकली की सगळ्यांच्या लक्षात येतं. मग तो बाहेर ओट्यावर बसू लागतो. घरचे समजतात, वय झालं.

डॉक्टरांकडे गेल्यावर बहुतेकदा तीन शब्द कानावर पडतात: ‘काही उपाय नाही.’ माझं म्हणणं या तीन शब्दांबद्दल आहे. मेलेल्या पेशी जिवंत करणारं औषध आज नाही, हे खरं. पण त्यावरून ‘काही उपाय नाही’ असा निष्कर्ष काढला की माणूस दवाखान्याकडे पाठ फिरवतो, आणि जे करता येण्यासारखं आहे तेही राहून जातं. शिवाय त्या रिकाम्या जागेत खोटं विकणारे शिरतात.

आधी मोठ्या बातम्यांचं बघू, कारण पुण्या-मुंबईतला किंवा अमेरिकेतला नातू त्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि घरात आशा पेटते. २००५ साली असं आढळलं की या आजाराचा एक मोठा धागा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतल्या ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनसाखळीशी आणि तिला आवर घालणाऱ्या एका जनुकाशी जुळलेला आहे. जंतूंवर चालून जाणारी ही साखळी इथे स्वतःच्याच पडद्यावर धुमसत राहते. तिला अडवायचे प्रयत्न सुरू झाले. लॅम्पालिझुमॅब नावाच्या औषधाकडून फार अपेक्षा होत्या, ते २०१७ मध्ये मोठ्या चाचण्यांत फसलं. मग २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेगसेटाकोप्लान आणि ऑगस्टमध्ये अॅव्हासिनकॅप्टॅड पेगॉल या दोन औषधांना मान्यता दिली. जिओग्राफिक अॅट्रॉफीवरची ही पहिली मान्यताप्राप्त औषधं.

ती काय करतात ते नीट समजून घ्यायला हवं. पेगसेटाकोप्लान महिन्याला किंवा दोन महिन्यांनी डोळ्यात टोचायचं. दोन वर्षांत निर्जीव पट्ट्याची वाढ साधारण १७ ते २२ टक्क्यांनी मंदावली. थांबली नाही, मंदावली. गेलेली नजर परत आली नाही, आणि औषध घेतलेल्यांची व न घेतलेल्यांची तक्त्यावर मोजलेली नजर या काळात सारखीच उतरली. उलट दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांच्या डोळ्यात दोन वर्षांत ओला प्रकार उद्भवला, खोटं इंजेक्शन दिलेल्यांत तो ३ टक्के होता. क्वचित काहींच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना जबर सूज येऊन नजर गेल्याचीही नोंद २०२३ मध्ये झाली. युरोपच्या औषध संस्थेने २०२४ मध्ये या औषधाला नकार दिला. पट्टा हळू वाढतो हे तिने मान्य केलं, पण त्याने रुग्णाच्या रोजच्या जगण्यात फरक पडल्याचं दिसलं नाही, असा तिचा आक्षेप होता. मला तो आक्षेप रास्त वाटतो. अमेरिकेत एका कुपीची किंमत दोन हजार डॉलरच्या वर आहे, आणि आपल्याकडच्या रुग्णालयांत ही सहज मिळणारी औषधं नाहीत.

उद्या ती मिळू लागली, स्वस्तही झाली, तरी हिशोब गाडीपाशीच येतो. दर महिन्याला इंजेक्शन म्हणजे घोडेगावच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतून वर्षाला बारा वेळा पुण्याला जाणं-येणं. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याने खर्चाचा भार हलका होतो. पण सोबतीच्या माणसाची बारा दिवसांची मजुरी, कांदा काढणीच्या किंवा भात लावणीच्या दिवसांतला खाडा, दुखणारे गुडघे, हे तिकिटात मोजलं जात नाही. नजर वाढणार नाही, फक्त कदाचित हळू जाईल, हे ऐकून किती घरं वर्षानुवर्षं येत राहतील? ओल्या प्रकाराची इंजेक्शनं, जी खरोखर नजर वाचवतात, तीही माणसं मध्येच सोडून देतात, हे कोणताही पडद्याचा डॉक्टर सांगेल.

इलेक्ट्रॉनिक चिपची बातमी २०२५ च्या ऑक्टोबरात जगभर झाली, आणि ती मनापासून आनंद देणारी आहे. स्टॅनफर्डच्या डॅनियल पॅलांकर यांच्या कल्पनेतून आलेली ‘प्रिमा’ ही चिप दोन मिलिमीटर लांब-रुंद असते आणि पडद्याखाली, मेलेल्या पेशींच्या जागी बसवतात. चष्म्यातला कॅमेरा समोरचं चित्र टिपतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चिपवर टाकतो, चिप त्याचं विजेत रूपांतर करून शाबूत राहिलेल्या मज्जापेशींना चेतवते. युरोपातल्या पाच देशांत ३८ जणांना ती बसवली. वर्षभरानंतर तपासल्या गेलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची तक्त्यावर मोजलेली नजर ठळकपणे सुधारली. या आजारात गेलेली मधली नजर काही प्रमाणात का होईना परत मिळाल्याचं इतक्या स्पष्टपणे प्रथमच दिसलं. पण मिळते ती नजर काळी-पांढरी, ठिपक्याठिपक्यांची, अक्षर ओळखण्यापुरती असते. ती वापरायला कित्येक महिने शिकावं लागतं. ऑपरेशन नाजूक असतं आणि त्यात गुंतागुंती होतात.

पेशी बदलण्याची वाटही खरी आहे. जपानमध्ये २०१४ साली कोबे इथे मासायो ताकाहाशी यांच्या चमूने रुग्णाच्याच त्वचेपासून तयार केलेल्या पडद्यापेशींचा थर एका सत्तरीतल्या बाईच्या डोळ्यात बसवला. तिचा आजार ओला होता. आपल्याकडे बंगळूरची आयस्टेम ही कंपनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या रंगद्रव्य पेशी जिओग्राफिक अॅट्रॉफीच्या रुग्णांच्या पडद्याखाली सोडण्याची मानवी चाचणी करत आहे. सुरुवातीच्या मोजक्या रुग्णांतले निकाल उमेद वाढवणारे आहेत. पण मोजक्या रुग्णांवरून औषध ठरत नाही, मोठ्या चाचण्या व्हाव्या लागतात, आणि त्यांना वर्षं लागतात.

याच ठिकाणी सावध करावंसं वाटतं, आणि जरा जोरातच. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात २०१५ साली तीन वयस्क बायकांच्या पोटातली चरबी काढून, त्यातल्या तथाकथित स्टेम सेल दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या गेल्या. त्यासाठी पैसे घेतले गेले. तिघींचीही होती ती नजर गेली, आणि २०१७ मध्ये ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ‘स्टेम सेलने पडदा नवा’ अशा जाहिराती मराठी मुलखातही फिरतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा उपचार करणं हा गैरव्यवहार आहे. आणि खऱ्या चाचणीत प्रयोगातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत, तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते, कुणालाही ती बघता येते. कुणी दोन एकर गहाण टाकून उपचार करा म्हणत असेल, तर तिथून उठून यावं. एवढी एक गोष्ट गावात पोचली तरी काही घरं वाचतील.

हिरड्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण हा हिरड्याचाच मुलूख. भीमाशंकर आणि जुन्नरच्या रानातला हिरडा गोळा करून महादेव कोळी कुटुंबं वर्षाचे चार पैसे मिळवतात आणि तोच हिरडा त्रिफळ्यात जातो. त्रिफळा डोळ्याला चांगला, हा विश्वास इथे पूर्वापार आहे. पोटासाठी घ्यायचा तर घ्यावा. मात्र झिजलेला पडदा त्याने भरून आल्याचं कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही, आणि त्याचा काढा, मध किंवा कुठल्या पाल्याचा रस घरच्या घरी डोळ्यात सोडला तर बुबुळाला जंतुसंसर्ग होऊन फूल पडू शकतं. मग कडेची जी नजर उरली होती तीही जाते.

गोळ्यांचं मात्र तसं नाही. त्यांना चाचण्यांचा आधार आहे, फक्त त्या कुणाला आणि कशासाठी हे कळायला हवं. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने दोन मोठे अभ्यास केले, निकाल २००१ आणि २०१३ ला आले. क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबं, ल्युटीन आणि झियाझँथिन यांचं ठरावीक मिश्रण मधल्या पायरीवरच्या रुग्णांनी घेतलं, तर आजार शेवटच्या पायरीवर जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. २०२४ मध्ये याच माहितीच्या फेरतपासणीतून दिसलं, की निर्जीव पट्टा अजून केंद्रबिंदूपर्यंत पोचलेला नसेल, तर त्याची केंद्राकडची चाल या गोळ्यांनी निम्म्याहून अधिक मंदावू शकते. केंद्र गेल्यावर त्या डोळ्यासाठी गोळ्यांचा उपयोग नाही, पण दुसरा डोळा मधल्या पायरीवर असेल तर त्याच्यासाठी आहे. बाजारात डोळ्याच्या म्हणून मिळणाऱ्या साऱ्याच गोळ्यांत हे प्रमाण नसतं, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यावी. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने बीटा-कॅरोटिन असलेली गोळी टाळावी, तिच्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि बिडी सोडणं हे या सगळ्या गोळ्यांपेक्षा मोठं औषध आहे, कारण आपल्या हातातलं या आजाराचं सर्वांत पक्कं कारण धूम्रपान. ताटात मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला, मका, अंड्यातला पिवळा बलक असावा, त्यांतून ल्युटीन मिळतं.

आता ज्याला मी खरा उपचार म्हणेन त्याकडे येतो. दोन्ही डोळ्यांचं केंद्र गेलेल्या माणसाला आज या दोन तालुक्यांत बसून जे मिळू शकतं, ते म्हणजे उरलेल्या नजरेचा पुरेपूर वापर. पुण्यातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत त्यासाठी लो व्हिजनचा विभाग असतो. मधली नजर गेली तरी तिच्या कडेचा पडदा जिवंत असतो. त्या कडेने बघायची सवय लावता येते. चेहरा बघायचा असेल तर नजर थेट नाकावर न रोखता कानाच्या किंवा केसांच्या थोडी वर धरायची, म्हणजे चेहरा जिवंत भागावर पडतो. प्रत्येकाची चांगली बाजू वेगळी, ती शोधून द्यावी लागते आणि रोज थोडा सराव करावा लागतो. काही माणसं हे आपसूक शिकतात आणि घरचे म्हणतात, ‘हे असं तिरकं काय बघतात?’ त्यांना तिरकंच बघू द्यावं.

मग भिंगं. हातात धरायचं, कागदावर उभं राहणारं, दिवा असलेलं, चष्म्यात बसवलेलं. कुणाला कितीपट मोठं करणारं लागेल ते तपासून ठरतं, जत्रेतून आणलेलं भिंग चालत नाही. पोथी वाचायची तर जाड टायपाची प्रत, उजेड मागून किंवा बाजूने पानावर, डोळ्यावर नव्हे. मोबाईलवर अक्षर मोठं करता येतं, टॉकबॅक ही फोनमधली सोय मराठी वाचून दाखवते, आणि रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे २०२० सालचं अॅप नोट समोर धरली की ती किती रुपयांची ते बोलून सांगतं. दुकानात नोट चुकवणाऱ्या आजोबांसाठी हे अॅप नातवाने टाकून दिलं, तर त्यांचा व्यवहार त्यांच्याच हातात राहतो.

घरातल्या बदलांना तर खर्चच नाही. स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात दिसत नाही, गडद रंगाच्या ताटात दिसतो. दूध पांढऱ्या कपात न देता गडद कपात द्यावं. उंबरठ्याला आणि पायरीच्या कडेला चुन्याचा किंवा पिवळ्या रंगाचा जाड पट्टा ओढावा. मिठाचा आणि साखरेचा डबा वेगवेगळ्या आकाराचा असावा आणि तो कुणी हलवू नये. ही हलवाहलव सगळ्यांत त्रासाची, कारण नजर गेलेला माणूस घर जागांनी ओळखतो. आणि समोर येणाऱ्याने आधी नाव सांगावं: ‘आजोबा, मी अमुक.’ ‘ओळखा पाहू कोण’ हा खेळ त्यांच्याशी कधी खेळू नये.

एका गोष्टीबद्दल घरांत कुणी बोलत नाही. पडदा गेलेल्या काही माणसांना नसलेली चित्रं दिसतात. अंगणात छोटी माणसं, भिंतीवर नक्षी, अनोळखी चेहरे, जनावरं. चित्र स्पष्ट असतं, आवाज नसतो. स्वित्झर्लंडच्या चार्ल्स बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं, म्हणून त्याला त्यांचं नाव मिळालं. डोळ्याकडून येणारं चित्र कमी पडलं की मेंदू स्वतःच चित्रं बनवतो, इतकंच त्याचं कारण. माणूस वेडा झालेला नसतो, त्याला बाहेरची बाधाही नसते, आणि बहुतेकांना ती चित्रं खरी नाहीत हे ठाऊक असतं. पण सांगितलं तर देवऋषी बोलावतील किंवा वेड्यात काढतील, या भीतीने म्हातारी माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. तपासणाऱ्याने स्वतःहून विचारावं: नसलेलं काही दिसतं का? ‘हो’ म्हणताना अनेकांच्या छातीवरचं ओझं उतरतं. उजेड वाढवणं, डोळे मिचकावून नजर हलवणं याने चित्र बहुधा जातं.

कोरड्या प्रकाराच्या रुग्णाने घरी करायची एक तपासणी आहे, आणि तीच नजर वाचवू शकते, कारण कोरडा डोळा कधीही ओला होऊ शकतो. डॉक्टर त्यासाठी चौकटींचा एक तक्ता देतात. तो हाताशी नसेल तर जवळजवळ प्रत्येक मराठी घरात भिंतीवर कालनिर्णय असतं. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, तारखांच्या चौकटींकडे बघायचं, मग दुसऱ्या डोळ्याने. रोज, ठरलेल्या वेळी. काल सरळ असलेल्या रेघा आज वाकड्या, मोडलेल्या दिसल्या, किंवा नवा काळा डाग दिसला, तर पुढच्या शिबिराची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात पुण्याला पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं. दाराची चौकट किंवा विजेचा खांब वाकडा दिसला तरी हेच. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा झाकून नेतो आणि कळतच नाही, म्हणून एकेक डोळा.

सरकारी मदत मिळवायलाही आधी आजाराचं नाव कागदावर यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पूर्ण अंधत्वासोबत अल्पदृष्टीचाही समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं की प्रमाणपत्र, एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेसारख्या मदतीची दारं उघडतात. बांधावरून चालणारा माणूस आपण दिव्यांग आहोत हेच मान्य करत नाही, आणि तलाठी-ग्रामसेवकालाही तो तसा दिसत नाही. शिबिरात नजर मोजणाऱ्याने त्याच वेळी कागद करून दिला, तर मंचर, घोडेगाव, जुन्नर, पुणे अशा फेऱ्या वाचतील.

हे सगळं एकाच गाडीत मावतं. मोतीबिंदूसाठी जी गाडी जाते, तिच्यात चौकटीचे तक्ते, चार-सहा प्रकारची भिंगं आणि कडेने बघायला शिकवणारा एक प्रशिक्षित माणूस बसवावा. ऑपरेशननंतर परत तपासायला येणाऱ्यांत ज्यांचं मधलं दिसत नाही, त्यांची वेगळी यादी ठेवावी आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी गाडी पुन्हा त्यांच्याच दारात न्यावी. त्याच यादीतल्या घरात पन्नाशीपुढचे भाऊ-बहीण असतील तर त्यांचा पडदा बाहुली मोठी करून तपासावा, कारण हा आजार रक्ताच्या नात्यांत जास्त आढळतो, आणि गोळ्यांचा उपयोग होण्याची वेळ त्यांच्या डोळ्यांत अजून शिल्लक असू शकते.